दाद

डॉक्टर सावर्डेकर म्हणाले,
तुमचा आजार स्टिरॉइडला दाद देत नाही.
तेवढ्या कळा येत असताना मला हसू आलं.
तीस वर्षं जत्रेतल्या नाटकांना पेटी वाजवली,
दाद न देणारा श्रोता मी ओळखतो.
पहिल्या रांगेत, हाताची घडी,
पद कितीही रंगो, मान हलत नाही.
आता माझ्याच आतड्यात येऊन बसलाय,
फुकटच्या पासावर.

बांबोळीच्या वॉर्डात नर्स विचारायची, किती वेळा?
पहिल्या दिवशी सात. रूपक.
दुसऱ्या दिवशी दहा, झपताल.
तिसऱ्या दिवशी दुपारीच एकतालाचं आवर्तन पुरं झालं,
अजून सम दिसेना.
ती वहीत नुसता आकडा लिहायची.
रक्त?
हो.
शेजारच्या खाटेवर मिंगेलबाब, पोटात पाणी झालेला रेंदेर,
माझा हिशेब ऐकून म्हणाला,
"बँड वाजता मरे तुज्या पोटांत!"

शिरेतून झालं, मग गोळ्या,
रोज सकाळी आठ, पांढऱ्या, जिभेला लागताच कडू.
आग होती तिथेच राहिली
आणि चेहरा भरला.
माशेलच्या बाजारात जो तो थांबवून सांगतो,
तब्येत सुधारली हं तुमची!
मासळीवाली तर म्हणाली, गालांवर तेज आलंय.
मी हो म्हणतो.
टोपलीतल्या बांगड्यांकडे बघतो, आणि घरी येऊन
पेजेची निवळ पितो.
सुहासिनी रात्री माझ्या पँटची कंबर पुन्हा आत घेते,
दोरा दातानं तोडते,
बोलत नाही.

झोप त्या गोळ्यांनीच नेली.
पहाटे तीनला मी पेटी उघडून बसतो,
एकेक सूर काढून मऊ फडक्यानं पुसतो.
एक काळी पट्टी आहे, तिची स्प्रिंग गेलीय,
बोट न लावताही वाजत राहते,
भाता हलला की सुरू.
दुरुस्त करून पाहिली. कागदाची घडी सारली,
मेण लावलं, म्हापशाच्या माणसाकडे नेली.
वाजते.
वाजवणारा हळूहळू शिकतो
कुठल्या रागात ती खपून जाईल,
कुठल्या रागाच्या वाटेला आता जायचं नाही.

माघातल्या जत्रेला सगळे म्हणाले, यंदा राहू दे.
मी गेलो.
विंगेच्या कडेला बसलो, दाराशी,
दिवसा जाऊन वाट मोजून आलो होतो:
दीपस्तंभाला वळसा, तळीचा काठ,
अग्रशाळेच्या मागे, एकशे चाळीस पावलं.
दुसऱ्या अंकात, ऐन अंतऱ्यावर,
पोटात ती ओळखीची मुरड.
तुळशीदासनं तबल्यावरून माझ्याकडे पाहिलं,
डग्ग्यावर हात दाबून काहीतरी लांबवायला घेतलं.
प्रेमानंदानं तर वरचा षड्जच धरला,
पेटीशिवाय, उघड्यावर,
साठीचा माणूस, मिशी घामानं सुटत आलेली.
प्रॉम्प्टरचा पोरगा टॉर्च घेऊन माझ्यापुढे धावला,
काही विचारलं नाही त्यानं,
बाहेर पाठ करून उभा राहिला आणि
उजेड तेवढा दाराच्या फटीतून आत धरला.

परत आलो तेव्हा तो अजून तिथंच फिरत होता,
त्याच दोन ओळींत, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा.
मी बसलो, भाता ओढला, समेवर पडलो.
मागच्या अंधारातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, व्वा!
माझ्यासाठी नव्हतं ते.
तरी मी मान लववली.

गुरुवारी नवीन औषध. ठिबक, दोन तास.
मंजुरीचा कागद आलाय.
त्यालाही नाही म्हणालं तर मोठं आतडं काढायचं,
सावर्डेकर पेन खाली ठेवून म्हणाले,
आणि पहिल्यांदाच विचारलं, वाजवता काय तुम्ही?

पुढचं नाटक रामनवमीला.
पोराला टॉर्चचे नवे सेल
घेऊन ठेवलेत.